भादली, ५ मे १९१८

पडद्यावर फिरताना दिसते आहे ते चाक रसवंतीच्या चरकाचे आहे. जळगावातल्या भंगाराच्या दुकानातून आणलेल्या या चरकाचे कालयंत्र करायचे, असे एकांकिका बसवणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी ठरवले. त्यांनी गाळपाचे रूळ काढले, दातेरी चाकांचा गंज घासून त्यांना वंगण दिले, घुंगरू मात्र तसेच ठेवले. त्यामुळे काळ मागे सरू लागला की भर उन्हाळ्यात चौकाचौकात ऐकू येणारा तोच आवाज रंगमंचावर ऐकू येतो.

यंत्रातला प्रवासी ज्यांना भेटायला निघाला आहे, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, १८९० साली धरणगावी जन्मले. इंग्रजी विज्ञानकथांमध्ये कीट्स आणि कोलरिज केव्हाच पात्रे होऊन वावरले आहेत. मग आपला खानदेशचा कवी पाठ्यपुस्तकातल्या चित्रातच का अडकून राहावा, असे या मुलांचे म्हणणे आहे, आणि ते आम्हालाही पटते.

फळ्यावरचा हा हिशेब वेळेचा आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून मोजली जाऊ लागली. जळगाव त्याच्या जवळजवळ सात अंश पश्चिमेला असल्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी २८ मिनिटे मागे असतो. अंगणातली सावली पाहून निघालेल्या माणसाची रेल्वेच्या घड्याळावर धावणारी गाडी चुकू शकते. संपूर्ण संहितेचा पेच या २८ मिनिटांवर उभा आहे, आणि तो कोणत्याही चमत्कारापेक्षा सरस आहे.

पहिला थांबा १९०७ सालचे जळगाव. तिथल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली. भूमिका करणाऱ्या नटाने त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून काढली, कारण तिथे ठोंबरे कवी म्हणून कमी आणि घरातला एक माणूस म्हणून अधिक भेटतात.

आता संहितेचे हे पान जवळून पाहा. पहिल्या खर्ड्यात प्रवासी शाळेत पाठ केलेली बालकवींचीच एक कविता नकळत गुणगुणतो, समोरचा मुलगा ती ऐकतो आणि पुढे लिहून काढतो. प्रसंग रंगला असता यात शंका नाही. पण मग ती कविता मुळात रचली कोणी? प्रवासी ती पुस्तकातून शिकला आणि पुस्तकात ती कवीकडून आली, अशा फेऱ्यात रचणारा कोणी उरतच नाही. कालप्रवासाच्या कथांतला हा प्रसिद्ध पेच मुलांनी तीन दिवस वाद घालून खोडला. पानभर उमटलेली लाल फुली त्याचीच आहे. आता तो मुलगा नुसते विचारतो, “काय गुणगुणत होतात?” आणि प्रवासी खोटे बोलतो, “काही नाही, सहज.” आमच्या मते सगळ्या एकांकिकेतले सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच आहे.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. एकांकिकेतला प्रवासी २८ मिनिटे उशिरा पोहोचतो.

हा आजच्या भादलीचा फलाट. भुसावळकडून मालगाडी येते आहे. ती पूर्ण निघून जाईपर्यंत निवेदन थांबेल.