त्साओ सोंग कुणाचा मुलगा?

नमस्कार श्रोतेहो. आज आपण एका चिनी आडनावाबद्दल बोलणार आहोत. आडनाव आहे त्साओ. चीनमध्ये आडनाव आधी येतं आणि नाव नंतर, एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं जाईल.

सुरुवात करू या इसवी सन 200 पासून. हान साम्राज्य मोडकळीला आलं होतं. सम्राट नावापुरता उरला होता आणि उत्तरेत दोन सरदार एकमेकांसमोर उभे ठाकले होते. एक युआन शाओ. चार पिढ्या मोठमोठ्या पदांवर राहिलेलं त्याचं घराणं, सैन्यही मोठं. दुसरा त्साओ त्साओ, ज्याच्या घराण्यानं पुढे स्वतःचं राज्य उभारलं. लढाईला तोंड लागण्याआधी युआन शाओनं आपल्या लेखनिकाला, छन लिनला, एक जाहीरनामा लिहायला सांगितला. छन लिन त्या काळातला नामांकित गद्यलेखक. त्यानं त्साओ त्साओची निंदा केलीच, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. थेट आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा त्साओ तेंग हे राजवाड्यातले खोजे, म्हणून त्यांना नावं ठेवली. वडील त्साओ सोंग यांच्याबद्दल लिहिलं की हा भीक मागून दत्तक गेलेला माणूस, पैसे चारून पदाला चढला. म्हणजे आरोप असा, की ज्याच्या बापाचंच मूळ कुणाला ठाऊक नाही, तो राज्य करायला निघालाय.

युआन शाओ हरला. दोन वर्षांनी वारला. 204 साली त्याची राजधानी त्साओ त्साओच्या हाती पडली आणि छन लिनही सापडला. त्साओ त्साओनं त्याला विचारलं, की निंदा करायची तर माझ्या एकट्याची करायचीस, माझ्या बापाला आणि आजाला मधे का ओढलंस? छन लिननं माफी मागितली. त्साओ त्साओनं त्याला शिक्षा केली नाही. उलट आपल्याच कचेरीत लेखनाच्या कामावर ठेवून घेतलं. पुढे छन लिननं लिहिलेले मसुदे त्याला इतके आवडायचे, की एकदा डोकेदुखीनं आडवा पडलेला त्साओ त्साओ मसुदा वाचता वाचता उठून बसला आणि दुखणं पळालं म्हणाला, अशी नोंद आहे. चिनी रंगभूमीवर त्साओ त्साओला पांढरा चेहरा रंगवतात, आणि तिथे पांढरा रंग कपटी माणसाचा. ज्यानं छन लिनला जिवंत ठेवलं, कामही दिलं, त्याच्या वाट्याला तो पांढरा रंग येणं मला मुळीच पटत नाही.

पण त्साओ त्साओच्या त्या प्रश्नात एक गोष्ट दडली आहे. बापाला का ओढलंस, असं त्यानं विचारलं. तू लिहिलेलं खोटं आहे, असं तो म्हणाल्याची नोंद नाही. आणि खरोखरच त्साओ सोंगचं मूळ कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या शतकातला इतिहासकार छन शोउ सरळ लिहितो, की त्याच्या जन्माची हकीकत नीट कळू शकलेली नाही. त्या इतिहासाला पाचव्या शतकात टिपा जोडल्या गेल्या, त्यांत एक जुना मजकूर उतरवून घेतलेला आहे: त्साओ सोंग मुळात श्याहोउ घराण्यातला, श्याहोउ तुन या सेनापतीचा काका. हा मजकूर त्साओंच्या शत्रुपक्षाच्या राज्यातून आलेला, हेही लक्षात ठेवा.

आता दत्तकाचा मुद्दा नीट लावून घेऊ या, कारण सगळं त्यावर आहे. खोज्यांना मुलं होत नाहीत. 135 साली हान सम्राटानं खोज्यांच्या दत्तक पुत्रांना त्यांची जहागीर चालवण्याची परवानगी दिली. म्हणून त्साओ तेंगनं मुलगा दत्तक घेतला. प्रश्न एवढाच, की कुठून घेतला? आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या. बडोद्याला 1875 साली सयाजीराव दत्तक आले ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून, आणि त्यांचं जन्मघराणंही गायकवाडच. कोल्हापूरला 1884 साली शाहू महाराज दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांकडून. एकात भाऊबंदांतून दत्तक, दुसऱ्यात वेगळ्या आडनावाच्या घरातून. त्साओ सोंगचा दत्तक कुठल्या प्रकारचा? बडोद्यासारखा की कोल्हापूरसारखा?

घराण्याचे दावे ऐकाल तर गोंधळ आणखी वाढतो. हे लोक हान साम्राज्याच्या स्थापनेतला प्रधान त्साओ शन याला मूळपुरुष मानत. त्साओ त्साओचा मुलगा, कवी त्साओ ची, वडिलांवरच्या शोकलेखात आपलं मूळ चोउ राजवंशाशी नेतो. आणि नातू, सम्राट त्साओ रुई, पुराणातल्या शुन राजाला पूर्वज ठरवतो. आजोबांपासून नातवापर्यंत पूर्वज दोनदा बदलला. जुन्या वंशावळ्या सत्ता आली की वर वाढतात.

श्याहोउ पक्षाविरुद्ध एक जुना पुरावाही आहे. चीनमध्ये एका आडनावात लग्न करत नसत. सगोत्र विवाह टाळण्याची रीत आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. त्साओ त्साओनं आपली मुलगी श्याहोउ तुनच्या मुलाला दिली होती. दोन्ही घरं रक्तानं एकच असती तर हे लग्न अवघड होतं. पण राजकारणात अशी लग्नं झालेलीही आहेत, म्हणून एवढ्यावर निकाल लागत नाही.

हा वाद अठराशे वर्षं तसाच पडून होता. मग डिसेंबर 2009 मध्ये हनान प्रांतात, आनयांगजवळ, त्साओ त्साओची कबर सापडल्याचं जाहीर झालं. आत साधारण साठीतल्या पुरुषाचे आणि दोन स्त्रियांचे अवशेष होते. कबर खरी की खोटी यावर देशभर वाद पेटला. तेव्हा शांघायच्या फूदान विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. कबरीतल्या हाडांकडे न जाता त्यांनी जिवंत त्साओ पुरुषांना नमुने देण्याचं आवाहन केलं.

याचं कारण आता ऐका. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. आडनावही बापाकडून मुलाकडे जातं. दोन्ही एकाच वाटेनं चालतात, म्हणून आडनावाच्या अभ्यासाला वाय गुणसूत्र चालतं. पुन्हा सांगतो: बापाकडून मुलाकडे, आणि फक्त मुलाकडे. मुलींची, आयांची, आज्यांची ओळ यात येतच नाही. कन्फ्यूशियसच्या खोंग घराण्याच्या वंशावळीत स्त्रियांची नावं पहिल्यांदा आली ती 2009 च्या आवृत्तीत, जिच्यात वीस लाखांहून जास्त वंशज नोंदले गेले. अडीच हजार वर्षं अर्धं घराणं वहीबाहेर होतं. आपल्याकडे कुलवृत्तांत छापणाऱ्यांनी तरी सासरी गेलेल्या लेकींची ओळ पूर्ण लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

तर, वाय गुणसूत्र. पण वाट कुठेही तुटू शकते. परक्या घरातला दत्तक, घरजावई होऊन सासऱ्याचं आडनाव घेणं, सम्राटानं बक्षीस म्हणून दिलेलं आडनाव, शत्रूपासून लपायला बदललेलं आडनाव, विवाहबाह्य संतती. हिशोब करून पाहा. अठराशे वर्षांत साधारण सत्तर पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत वाट तुटण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर सत्तर पिढ्यांनंतर सुमारे निम्म्याच ओळी शाबूत राहतात. शंभरात दोन धरली, तर चौथा हिस्साही राहत नाही. शंभरात पाच धरली, तर शंभरातल्या जेमतेम तीन. म्हणून एका माणसाच्या तपासणीवरून काहीही सिद्ध होत नाही. एका माणसावरून नाही, हे लक्षात ठेवा.

शिवाय आडनाव एक म्हणजे मूळ एक, असंही नाही. चोउ राजाच्या धाकट्या भावाला आजच्या शांतोंग प्रांतात त्साओ नावाची जहागीर मिळाली. ते राज्य इसवी सनापूर्वी 487 मध्ये बुडालं आणि तिथल्या लोकांनी राज्याचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. चू नावाच्या छोट्या राज्याच्या राजकुळाचंही हेच आडनाव. आणि पुढे मध्य आशियातून, समरकंदच्या परिसरातून आलेले सोग्दियन व्यापारी, त्यांच्यातलेही काही चीनमध्ये त्साओ झाले. त्यामुळे आजच्या त्साओ पुरुषांत एकच वाय गुणसूत्र सापडण्याची अपेक्षा करणंच चूक.

फूदानच्या गटानं म्हणून माणसं न मोजता कुळं मोजली. देशभरातली 79 त्साओ कुळं, 280 पुरुष. प्रत्येक कुळाची वंशावळ तपासली: कुठल्या पिढीपासून नोंद सलग आहे, मूळपुरुष कोण सांगितलाय. मग प्रश्न असा विचारला, की त्साओ त्साओचे वंशज म्हणवणाऱ्या कुळांत वाय गुणसूत्राचा असा कुठला प्रकार आहे, जो इतर त्साओंत आणि इतर लोकांत इतक्या प्रमाणात दिसत नाही? उत्तर एकच आलं: ओ2 नावाचा प्रकार, जो एम268 या खुणेवरून ओळखतात. तो हान लोकांत, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजात, त्या मानानं विरळ, म्हणून उठून दिसला. ओ-एम122 हा दुसरा प्रकार निघाला असता तर काहीच कळलं नसतं, कारण निम्मे हान पुरुष त्याच प्रकारात बसतात. 2012 मध्ये हा निष्कर्ष छापून आला. श्याहोउ कुळांचे नमुनेही घेतले होते. त्यांचा प्रकार वेगळा. प्रधान त्साओ शनचे वंशज म्हणवणाऱ्यांचा प्रकारही वेगळा.

म्हणजे श्याहोउ नाही, त्साओ शनही नाही. पण मग दत्तक कुठून? यासाठी त्साओ तेंगच्या पिढीतला माणूस हवा होता. तो मिळाला आनह्वेइ प्रांतात, बोचोउला, त्साओंच्या मूळ गावी. तिथे 1970 च्या दशकात त्साओ कुळाच्या कबरी उकरल्या होत्या आणि विटांवर लेख कोरलेले होते. त्यातल्या एका कबरीतला माणूस त्साओ दिंग, नात्यानं त्साओ त्साओचा चुलत आजोबा. त्याचे दात जपून ठेवलेले होते.

दातच का, तर दाताच्या कठीण कवचाखालचं दंतद्रव्य डीएनए चांगलं सांभाळतं. आधी बाहेरचा थर घासून टाकायचा, अतिनील किरणांखाली ठेवायचं, मग आतली भुकटी काढायची. जुना डीएनए तुकड्यातुकड्यांत असतो, बहुतेक तुकडे डीएनएच्या शंभर अक्षरांहूनही छोटे, आणि टोकांना ठरावीक पद्धतीनं खराब झालेले. ती खराबी दिसली तर डीएनए जुना. तुकडे लांब आणि स्वच्छ निघाले, तर बहुधा तो दात हाताळणाऱ्या माणसाचा. वाय गुणसूत्र शोधताना ही भीती जास्त, म्हणून कबर खोदण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत दात हाताळलेल्या प्रत्येक पुरुषाचा नमुनाही ताडून पाहावा लागतो.

2013 मध्ये निकाल आला. त्साओ दिंगच्या दाताचा प्रकार आजच्या वंशजांच्या प्रकाराशी जुळला. त्साओ तेंगच्या कुळाचं वाय गुणसूत्र आणि त्साओ त्साओच्या वंशजांचं वाय गुणसूत्र एकच. त्साओ सोंग त्साओंच्याच भाऊबंदांतला होता. दत्तक बडोद्यासारखा निघाला, कोल्हापूरसारखा नाही. छन लिनच्या जाहीरनाम्यातला तो घाव, आणि टिपेतली श्याहोउची गोष्ट, दोन्ही या पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पुराव्याचा कच्चा दुवाही सांगतो. दात त्साओ दिंगचाच, हे कबरीच्या ओळखीवर अवलंबून आहे, आणि त्या ओळखीवर पुरातत्त्वज्ञांत मतभेद झाले. पण वंशावळ्या आणि दात हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. दात भलत्याच माणसाचा असता, तर तो नेमका याच विरळ प्रकाराचा निघण्याची शक्यता कमी. म्हणून मला हा निकाल पटतो.

आता थोडं घरच्या तपासणीबद्दल, कारण हल्ली गालाच्या आतून काडी फिरवून वंश सांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत. काडी फिरवण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. काडी ओली असताना प्लास्टिकमध्ये बंद करू नका, बुरशी डीएनए खाते. आणि किती जागा तपासणार ते आधी विचारा. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी छोटी अक्षरमाला पुन्हापुन्हा येते, तिची संख्या पिढ्यांगणिक बदलते: प्रत्येक जागी हजार पिढ्यांत साधारण दोन-तीनदा. सतरा जागा आणि सत्तर पिढ्या धरा, तर एका ओळीत सुमारे तीन बदल होतात. एका पूर्वजाच्या दोन ओळींत मिळून सुमारे सहा. म्हणजे त्साओ त्साओचे दोन खरे वंशज सतरापैकी सहा जागी जुळणार नाहीत, आणि दोन परके पुरुष योगायोगानं बऱ्याच जागी जुळतील. सतरा जागांवरून कुणी तुम्हाला राजाचा वंशज ठरवलं, तर विश्वास ठेवू नका. जवळच्या चार-पाच पिढ्यांसाठी या जागा उपयोगी. अठराशे वर्षांसाठी एम268 सारखी एकदाच घडलेली, कायम टिकणारी खूण लागते, आणि घराण्याच्या दोन लांबच्या शाखांतून एकेक पुरुष लागतो. दोन्हींत तीच खूण निघाली आणि ती विरळ असली, तर शाखा जिथे फुटली तिथपर्यंतची ओळ शाबूत असण्याची शक्यता मोठी.

शेवटी, हा विषय पुढे वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या लेखांत या प्रकाराला ओ2 म्हटलंय, नव्या लेखांत ओ1बी. नावं मधल्या काळात बदलली. नव्या लेखांत ओ2 म्हणजे एम122 चा प्रकार, तो अगदी वेगळा. म्हणून अक्षर-आकड्यांच्या नावावर जाऊ नका, खुणेचा क्रमांक पाहा: एम268. तो बदललेला नाही. नमस्कार.