पन्नास पावलांचं अंडं

श्रोतेहो, नमस्कार. अद्भुत गोष्टींमधली वर्णनं, हा आजचा विषय. राक्षस, परी, जादूचा दिवा सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला त्यातल्या जागा आणि वस्तू आवडतात. सगळ्यात लाडकं वर्णन आहे अरबी गोष्टींतलं, सिंदबादच्या दुसऱ्या सफरीतलं.

गलबत त्याला निर्जन बेटावर विसरून निघून गेलंय. झाडावर चढल्यावर लांब काहीतरी पांढरं दिसतं. जवळ जातो, तर घुमट. दार नाही, खिडकी नाही, हाताला गुळगुळीत. तो भोवतीनं चालतो, पावलं मोजतो. पन्नास! पन्नास पावलं, श्रोतेहो. एवढ्यात सूर्य झाकोळतो. ढग म्हणावा, तर तो पक्षी. रुख पक्षी. आणि तो घुमट म्हणजे त्याचं अंडं.

हे मी मोठ्यानं वाचलं ते आपल्या सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या अंगणात. दुपारी आई आणि शेजारणी विड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. शाळेतून आले की पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. समोरच्या अक्का दर वाक्य सासूबाईंना तेलुगूत सांगायच्या. त्या सांगून होईपर्यंत मी थांबायचं.

अंड्यापाशी आले आणि सासूबाईंनी काहीतरी विचारलं. अक्का म्हणाल्या, "पावलं मोठ्या माणसाची का पोराची, विचारतायत." पुस्तकात तेवढंच होतं, पन्नास पावलं. आई म्हणाली, "मग चालून बघ की!"

मी नळापासून निघाले. सगळ्या मोठ्यानं आकडे म्हणायला लागल्या, सासूबाई तेलुगूत. अक्कांच्या घराला आणि लगतच्या खोलीला वळसा घालून पन्नासावं पाऊल परत नळापाशी पडलं. आता त्या घराकडं बघून सगळ्यांचं एकच, "एवढं अंडं? मग कोंबडी केवढी असंल गं!"

पुढं सिंदबाद डोक्याचा फेटा सोडतो, त्याला पीळ देऊन दोर करतो आणि स्वतःला पक्ष्याच्या पायाला बांधून घेतो. अक्कांचे यजमान मागावरून नुकतेच आले होते. दारातूनच म्हणाले, "कापड कसलं होतं? सुती असलं आणि पीळ नीट बसला असला तर धरंल." मग त्यावर वाद. विरळ विणीचं फाटंल, घट्ट विणीचं टिकंल. गडी पार आभाळात पोचला तरी आमच्याकडं फेट्याचीच चर्चा. आणि इतका वेळ एकीचेही हात थांबले नव्हते. हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळी द्यायचाच होता.

त्या वस्तीत पुस्तक पोचलं ते वाचनालयामुळं. माझं ठाम मत आहे, वाचनालयं रात्री नऊपर्यंत उघडी हवीत. पाळी सुटल्यावर माणूस पुस्तक बदलायला जाणार तरी कधी?

तर वर्णन. अंडं नुसतं 'प्रचंड' म्हटलं असतं, तर आम्ही कुणीच उठलो नसतो. पावलं मोजली म्हणून उठलो. इंग्रजी लेखक टोल्किननं 1937च्या 'द हॉबिट' या कादंबरीत हेच केलंय. त्यातल्या ठेंगू नायकाच्या बिळाचं दार जहाजाच्या खिडकीसारखं गोल, रंग हिरवा, बरोबर मधोमध चकचकीत पितळी मूठ. एवढं कळलं की आत राहणाऱ्यावर विश्वास बसतो. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत पहिली कात्री नेमकी अशा ओळींवर चालते, आणि मला त्याचा राग येतो. पन्नास पावलं ठेवा हो, बाकी हवं ते कापा!

शेवटी आपल्या पैठणची एक कथा. गुणाढ्य नावाच्या कवीनं 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. सातवाहन राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य रानात अग्नी पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. इकडं राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुकं मांस खाल्ल्यामुळं. स्वयंपाक्यांनी पारध्यांकडं बोट दाखवलं. पारधी म्हणाले, जनावरं चरतच नाहीत, कुणीतरी गोष्ट सांगतंय ती ऐकत उभी आहेत. राजा धावत पोचला, तेव्हा एक लाख श्लोक उरले होते.

सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी 'कथासरित्सागर' रचला, तो याच बृहत्कथेच्या आधारे. त्याचा मराठी अनुवाद आहे. हा प्रसंग पहिल्याच लंबकात, म्हणजे 'कथापीठ' नावाच्या पहिल्या भागात सापडेल. तिथूनच सुरुवात करा, आणि घरात मोठ्यानं वाचा. नमस्कार.