मतांचा हिशेब जाणणाऱ्या राजदूत

नमस्कार श्रोतेहो.

विजयालक्ष्मी पंडित म्हटलं की नेहरूंची बहीण एवढंच चटकन आठवतं. त्यांचं सासर मात्र आपल्या गोव्याच्या शेजारचं. पती रणजित सीताराम पंडित हे मूळचे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बांबुळीच्या सारस्वत घराण्यातले. (आपली इस्पितळाची बांबोळी नव्हे!) घराणं पुढे राजकोटला गेलं. रणजित बॅरिस्टर आणि संस्कृतचे जाणकार. तुरुंगातून सुटल्यावर थोड्याच काळात, जानेवारी १९४४ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं, मुलगा नव्हता, तीन मुलीच. तेव्हाच्या हिंदू कायद्यात या चौघींच्या पदरात इस्टेटीचा हक्काचा वाटा पडेना. गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि विधवेचा अर्धा हिस्सा शाबूत राहतो. म्हणून ही अडचण किती खोल होती ते आपल्याला पटकन उमगत नाही.

राजकारणात त्या खालच्या पायरीपासून आल्या. आधी अलाहाबादची नगरपालिका, मग १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खात्याच्या मंत्री. तीनदा तुरुंग. ही तालीम परराष्ट्र खात्याच्या कुठल्याच प्रशिक्षणात मिळत नाही. मत कुठून येणार, कोण बोलतो एक आणि हात वर करतो भलत्यालाच, हे नगरपालिकेतच कळतं.

त्याचा खरा कस लागला १९४६ च्या डिसेंबरात. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर निर्बंध आणणारा कायदा केला. भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला; शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. त्यांचं म्हणणं, ही आमची घरगुती बाब आहे, हवं तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा. ही मेख होती. प्रश्न कोर्टात गेला की त्याचा कायद्याचा कीस पडणार, वर्षं जाणार आणि राजकीय दबाव विरून जाणार.

आमसभेत असा ठराव साध्या बहुमताने होत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. आणि तटस्थ राहिलेले सदस्य मोजणीतच धरत नाहीत. त्यामुळे जो देश आपल्या बाजूने येऊच शकत नाही, त्याला निदान तटस्थ ठेवणं हेही काम असतं. प्रत्येक तटस्थामागे लागणारा आकडा थोडा उतरतो. फ्रान्स आणि मेक्सिकोने मांडलेल्या तडजोडीच्या ठरावाला होकार ३२, नकार १५, तटस्थ ७. सत्तेचाळिसांचे दोन तृतीयांश म्हणजे एकतीसहून थोडे जास्त, म्हणजे किमान ३२ मतं हवीत. होकारातलं एकच मत नकाराकडे सरकलं असतं तर ठराव पडला असता. ब्रिटन आणि अमेरिका, दोघेही विरोधात होते, हे विसरू नका.

१९४७ मध्ये मॉस्कोला राजदूत. इथे मात्र मतदानच नव्हतं. निर्णय एका माणसाच्या हातात, आणि त्या दोन वर्षांत स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. वकिलातीसाठी स्टॉकहोमहून फर्निचर मागवलं, त्यावरूनही इकडे टीका झाली. मॉस्कोच्या बाजारात तेव्हा काय मिळत होतं, हे टीकाकारांनी विचारलं नाही.

मग वॉशिंग्टनला राजदूत, परत ओळखीचं मैदान. १९५० च्या अखेरीस भारताने वीस लाख टन धान्य मागितलं. पण पैशाची तिजोरी अमेरिकी काँग्रेसच्या हातात, आणि तिथे कोरियाच्या युद्धाबाबत भारताची भूमिका कित्येकांना खुपत होती. त्यात त्रावणकोरच्या मोनाझाइट वाळूच्या (अणुइंधनाला उपयोगी थोरियम असलेल्या) निर्यातबंदीचं भांडण. जून १९५१ मध्ये कायदा झाला तेव्हा दानाचं कर्ज झालेलं होतं, १९ कोटी डॉलरचं. तरी गहू आला.

१९५३ मध्ये त्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९५४ पासून लंडनमध्ये उच्चायुक्त. त्याच खुर्चीवरून आयर्लंडही सांभाळायचं; आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडलेलं, म्हणून तिथे त्या उच्चायुक्त नव्हे, राजदूत. पुढे स्पेनचीही भर पडली.

गोव्याच्या दृष्टीने हा काळ नाजूक. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्या. पण ब्रिटनची पोर्तुगालशी मैत्री १३७३ च्या तहापासूनची, शिवाय दोघे नाटोचे सदस्य. आणि माद्रिदमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा मित्र. या दोन राजधान्यांत गोव्याचं गाऱ्हाणं कितीही नीट मांडलं तरी हाती फारसं लागणार नव्हतं. त्यांच्या कर्तबगारीचं मोजमाप करताना हे लक्षात घ्यायला हवं. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत गोव्यात शिरलेल्या भारतीय सैन्याला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला तेव्हा त्या लंडन सोडून गेल्या होत्या. ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध चार. तेव्हाच्या अकरांच्या परिषदेत सात पुरेसे असत. ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने. म्हणजे मॉस्कोशी संबंध हवेतच, स्टालिन भेटो न भेटो.

नंतर त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, १९६४ मध्ये भावाच्या फुलपूर मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. १९७७ मध्ये निवृत्ती बाजूला ठेवून भाची इंदिरा गांधींच्या आणीबाणीविरुद्ध प्रचाराला उतरल्या. १९७९ मध्ये जनता सरकारने त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून पाठवलं. तेव्हा त्यांचं वय ७८ च्या घरात होतं.