वाऱ्याच्या तोंडाला: भिगवणचे रोहित

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, कुंभारगावचा काठ, पाण्यात सुटणारी होडी]

भीमेवर उजनीचं धरण झालं आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात त्याचा फुगवटा पसरला. कालव्यातून पाणी शेतांना जाऊ लागलं की इथली पातळी उतरते, आणि हिवाळा सरता सरता काठाचा चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते या उथळ पाण्यासाठी. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि त्यातले बारीक जीव टिपतात. दिवसाचा बराच वेळ त्यांचा यातच जातो.

[दृश्य: चरणारा थवा, जवळून]

उभा रोहित चार-पाच फूट उंचीचा. एवढा मोठा पक्षी जागच्या जागी उठत नाही. आधी पाण्यावरून पाय आपटत धावतो, आणि धावतो तो वाऱ्याच्या तोंडाला, म्हणजे वारा समोरून घेत. म्हणून उड्डाणाचा फोटो हवा असेल तर होडीत बसल्यावर कॅमेऱ्याच्या आधी वारा बघायचा. सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी असेल, तर थवा आपल्याच दिशेने उठणार. हिवाळ्यात सकाळचा वारा पुष्कळदा पूर्वेचाच असतो, त्यामुळे हे जुळून येतं.

उठण्याआधी पक्षी सांगतात. एकेक डोकं पाण्यातून वर येतं, माना ताठ होतात, गलका वाढतो, सगळे एका बाजूला चालू लागतात. बोट शटरवर हवं ते आत्ता.

[दृश्य: उड्डाण, संथ गतीत]

पंख उघडले! आतून लालभडक, कडेची पिसं काळी कुळकुळीत. उभ्या पक्ष्यात हा रंग जेमतेम दिसतो. बगळा उडताना मान खांद्यात ओढून घेतो. रोहित मात्र मान पुढे आणि पाय मागे सरळ ताणतो, म्हणून चौकट सैल ठेवा.

शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मी मॅन्युअलवरच ठेवते, पक्ष्याच्या अंगावरच्या उन्हाला धरून. कॅमेऱ्यावर सोडलं तर गडद पाण्यापुढे पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात, आणि तोच थवा आभाळात चढला की काळवंडतो.

[दृश्य: दूर जाणारा थवा, पाठमोरा]

होडी थव्यात घालून उठवलेल्या पक्ष्यांचा फोटो मला लगेच कळतो: सगळे पाठमोरे, जीव घेऊन पळणारे. मला त्याची चीड येते. चरणं मोडतं, ताकद फुकट जाते, आणि पुढची होडी आली की पुन्हा तेच.

निघण्याआधीच होडीवाल्या दादांना सांगा, "थवा उठवायचा नाही, लांबच थांबू." गिऱ्हाईक नाराज होईल या धास्तीनेच होडी पुढे घातली जाते. पक्षी उडाले नाहीत तरी दादांचे ठरलेले पैसे पूर्ण द्या, आणि तेही सुरुवातीलाच बोलून टाका.