‘मांडे’वरचा अनुस्वार

(घरातून कपड्यांचा स्वतःचा ब्रँड सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. येताना मी तीन टी-शर्ट आणलेत, ते तिकडे टेबलावर ठेवलेत. बोलणं झालं की त्यांच्याकडे जाऊ.

मी वडगावची. आमचं घर विणकराचं. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना मागाचा आवाज कसा असतो ते सांगायला नको. आमचा माग विकला गेला, खोली रिकामी झाली. सात वर्षांपूर्वी त्याच खोलीत मी एक टेबल मांडलं आणि टी-शर्ट छापायला लागले. हीट प्रेस म्हणजे छाप पक्की दाबणारं गरम यंत्र, चार स्क्रीन म्हणजे शाई उतरवायच्या जाळीच्या चौकटी, शाई आणि शंभर कोरे टी-शर्ट, एवढ्यात माझे पहिले ३८ हजार रुपये गेले. आज तुमच्यातल्या कुणाला एवढीच रक्कम लागणार असेल, तर मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत जाऊन विचारा, लाजू नका.

पहिला कोरा टी-शर्ट मी बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो उलटा केला, चिमटीत धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि विचारलं, “यात ताणा कुठला आणि बाणा कुठला?” त्यात दोन्ही नसतात. साडी मागावर होते. उभ्या धाग्यांमधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं, एका फासातून दुसरा फास काढत विणलेलं असतं. म्हणून ते ताणतं, अंगाला बसतं. आणि म्हणूनच ते फसवतंही. दुकानात मऊ लागतं, तीन धुण्यांत गळा सैल पडतो. बाबा म्हणाले, “मग आधी हे कापड शिक. चित्र मागनं.”

माझ्याकडे येणारी दहातली नऊ मुलं चित्र घेऊन येतात. मोबाईलवर डिझाईन तयार असतं, ब्रँडचं नाव ठरलेलं असतं, इन्स्टाग्रामचं पान उघडलेलं असतं. कापड कुठलं घेणार म्हटलं की उत्तर येतं, “कॉटन.” एवढ्यानं भागत नाही.

कोरे टी-शर्ट आपण बहुतेक तामिळनाडूतल्या तिरुप्पूरहून आणतो. सूत, विणाई, रंगाई, शिलाई सगळं त्या एका गावात होतं. माल मागवताना तुम्हाला जीएसएम सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. आपल्या हवेला १८० बरं. १५० च्या खाली पांढरा टी-शर्ट आरपार दिसतो. पण पाकिटावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. नमुन्याच्या टी-शर्टमधून दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन नीट मोजून कापा आणि ओळखीच्या सराफाकडे जा. त्याच्या काट्यावर तो तुकडा ठेवा. जेवढे ग्रॅम भरतील त्याला शंभरानं गुणलं की जीएसएम. १.८ ग्रॅम भरलं तर १८०. मला १८० म्हणून विकलेला एक माल १.५५ भरला होता. तो व्यापारी बदलला, त्याला दोष देत बसले नाही. पण तेव्हापासून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक टी-शर्ट कात्रीखाली जातो.

दुसरी परीक्षा घरातच. टी-शर्टच्या पोटावर बॉलपेननं २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. एक सेंटिमीटर कमी झाला म्हणजे कापड चार टक्के आटलं. आणि बाजूची शिवण बघा. हलक्या मालात ती धुतल्यावर सरळ राहत नाही, फिरत फिरत पोटावर येते. सुताचा पीळ कापडाला ओढत असतो; कापड तयार करताना त्याला नीट विसावू दिलं नाही, तर तो पीळ गिऱ्हाइकाच्या अंगावर सुटतो. मग छातीवरचं चित्र कितीही सुंदर असो, माणूस दिवसभर टी-शर्ट ओढून सरळ करत बसतो.

आता छपाई. आज डीटीएफ सगळीकडे आहे. फिल्मवर छापायचं, पावडर लावायची, हीट प्रेसनं कापडावर चिकटवायचं. यंत्र घ्यावं लागत नाही, बाहेरून फिल्म छापून मिळते, एक नग केला तरी चालतो. खिशावरच्या छोट्या चिन्हाला उत्तम. पण त्याच पद्धतीनं छातीभर मोठा भरीव चौकोन छापला तर अंगावर रबराचा पत्रा बांधल्यासारखं होतं, घाम अडतो. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ करून ती धाग्यात मुरवणं, पॉलिएस्टरवरच धरतं, कॉटनवर नाही. मी स्क्रीन प्रिंटिंग करते. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून माझे बहुतेक टी-शर्ट एकरंगी.

या कामात आपल्या गावचा पाऊस आडवा येतो, हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. स्क्रीनच्या जाळीला इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, लावतात, ते पूर्ण सुकल्याशिवाय उजेड दाखवायचा नसतो. जुलैमध्ये बेळगावात टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तिथं इमल्शन काय सुकणार! ओलसर राहिलं तर धुताना पापुद्र्यासारखं निघून येतं. म्हणून पावसाळ्यात लागणाऱ्या स्क्रीन मी मे महिन्यातच करून ठेवते. आणि शाई पक्की भाजली गेली पाहिजे. प्लास्टिसोल शाईला साधारण १६० अंश उष्णता लागते, घरच्या इस्त्रीवर विश्वास ठेवू नका. थंड झाल्यावर छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणून बघा. तडा गेला तर शाई कच्ची आहे, तो नग विकायचा नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी आज जी आहे ती झाले, ती सांगते.

आपल्या गावचा कुंदा सगळ्यांना ठाऊक. पण आपले मांडेही तेवढेच नामी. अख्खा महाराष्ट्र मनातले मांडे खातो. खरे खायचे तर बेळगावला यावं लागतं. म्हणून मी टी-शर्ट केला : ‘मनातले नव्हे, बेळगावचे मांडे’. पहिले चाळीस नग तेव्हा एका कारखान्यात छापून घेतले. फोनवर फोटो आला, मी घाईत बघितला आणि ‘चालेल’ म्हटलं. अकरा टी-शर्ट विकले गेले. खानापूरकडचे एक निवृत्त शिक्षक घेऊन गेले होते, ते चौथ्या दिवशी परत आले. टी-शर्ट टेबलावर पसरला, ‘मांडे’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बाई, अनुस्वार गेला की मांडे गेले.” मी बघितलं. चाळीसच्या चाळीस टी-शर्टवर ‘माडे’ छापलेलं होतं.

असं का झालं ते समजून घ्यायला मला महिना लागला. काळी अक्षरं छापलेली पारदर्शक फिल्म जाळीवर ठेवून उजेड देतात. इमल्शनवर उजेड पडला की ते घट्ट होतं. काळ्या अक्षराखालचा भाग मऊ राहतो, पाण्यानं धुऊन निघतो आणि तिथून शाई उतरते. पण उजेड जास्त वेळ दिला, किंवा फिल्म जाळीला चिकटून बसली नाही, तर उजेड कडेकडेनं अक्षराच्या खाली शिरतो. मोठ्या अक्षराला काही होत नाही. अनुस्वार मात्र मिलिमीटरभराचा ठिपका. तो चारी बाजूंनी बुजतो. रोमन लिपीत ‘आय’वरचा ठिपका गेला तरी शब्द वाचता येतो. आपल्या लिपीत ठिपका गेला तर शब्दच दुसरा होतो. तेव्हापासून माझ्या अक्षरांमधला अनुस्वार दीड मिलिमीटरच्या खाली जात नाही, आणि त्या कामाला मी बारीक जाळी वापरते.

अकरा जणांच्या घरी जाऊन टी-शर्ट बदलून दिले. उरलेल्या एकोणतीसांचे तुकडे केले, अजून त्यांनीच स्क्रीन पुसते. आता कुठलीही नवी स्क्रीन आधी जुन्या वर्तमानपत्रावर उतरते आणि शेजारच्या काकूंना मी ती मोठ्यानं वाचायला लावते. आपलं आपण वाचलं तर जे असायला हवं तेच दिसतं. शिवजयंतीला राजमुद्रेच्या टी-शर्टची मागणी येते; ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा एक शब्द संगणकावर किती प्रकारे मोडतो ते करून बघा. जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. ज्या मुद्रेसाठी माणूस टी-शर्ट घेतो तिच्यात चूक छापणं मला सहन होत नाही.

फॉन्टही कुणाचा तरी असतो. ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे ‘एक टाईप’ या संस्थेचे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, ते विक्रीच्या कपड्यावर वापरता येतात. इतर फॉन्टचा परवाना वाचल्याशिवाय हात लावू नका. सिनेमातलं चित्र, कार्टून, नटाचा फोटो, यांपासून दूर राहा.

मग छापायचं काय? माझ्याकडचा सगळ्यात जास्त खपलेला टी-शर्ट एका शब्दाचा आहे : ‘खट्टे?’ पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर हा शब्द तोंडातून निसटला की आपण चटकन ‘कुठे’ करतो. मीही वर्षानुवर्षं केलं. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं तो टी-शर्ट घेतला आणि मला कळवलं, की मेट्रोत एका अनोळखी माणसानं तो वाचून तिला विचारलं, “टिळकवाडी की अनगोळ?” हा शब्द कुठल्याही मोठ्या कंपनीला सुचणार नाही आणि सुचला तरी परवडणार नाही. त्यांना लाखभर गिऱ्हाइकं लागतात, मला तीनशे पुरतात. मराठीला कानडीचा शेजार लाभलेली आपली बोली, येळ्ळूरचा राजहंसगड, शिवजयंतीचे चित्ररथ, हे आपल्याजवळ आहे. माझ्या धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमध्ये असते. गल्लीत दोन्ही भाषांची माणसं राहतात आणि धुणं सगळ्यांचंच असतं.

हिशेब थोडक्यात. कोरा टी-शर्ट १७०, वाहतूक ६, छपाई १८, टॅग आणि पिशवी १०. झाले २०४. शंभरात पाच नग बिघडतात असं धरलं, तर चांगल्या नगाला सुमारे २१५ पडतात. त्यात माझ्या हातांचे ४० घालते. हे ४० बहुतेकजण घालायचे विसरतात, विशेषतः बायका, आणि वर्षभरानं म्हणतात की धंद्यात काही उरत नाही. २५५ चा नग मी ३९९ ला देते. मधल्या १४४ मध्ये न खपलेले साईज बसतात. माझे एस साईजचे नग नेहमी उरतात, म्हणून आता एम आणि एल जास्त मागवते.

सरहद्दीवर राहणाऱ्यांनी एक नियम नीट ऐका. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकायचा असेल तर वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण राज्याबाहेर पाठवायचा असेल तर टी-शर्टला ही सवलत नाही. पहिल्या नगापासून नोंदणी लागते. हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीची मुलगी माझ्या दारात येऊन टी-शर्ट घेऊन गेली तर ती इथलीच विक्री. तोच टी-शर्ट मी तिला कुरिअरनं शिनोळीला पाठवला तर तो परराज्यात गेला. अर्ध्या तासाच्या रस्त्यावरची आपलीच माणसं, पण कायद्याला हद्द दिसते. मी दोन वर्षं फक्त इथंच विकलं, नोंदणी नंतर केली. उशीर झाला असं मला वाटत नाही. त्या दोन वर्षांत प्रत्येक गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गळा सैल पडला, रंग उतरला, सगळं मला तोंडावर सांगायला येत होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला कर ५ टक्के आहे. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या २५ व्या, म्हणजे कपड्यांच्या, वर्गात नोंदवता येतं. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाईन अर्जाचे ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अर्ज करायच्या आधी ते नाव दुसऱ्या कुणाचं नाही ना, ते शोधून घ्या.

मंडळांच्या ऑर्डरींबद्दल आताच एकानं चिठ्ठी पाठवली आहे. गणपतीला, शिवजयंतीला एकसारखे शंभर टी-शर्ट लागतात. घ्या, जरूर घ्या, त्यानं घर चालतं. निम्मे पैसे आधी घ्या, बाकीचे माल देताना. पण वर्षातले चार महिने स्वतःच्या कामाला राखून ठेवा. मी एक वर्ष ठेवले नाहीत. त्या वर्षी माझं स्वतःचं एकही डिझाईन निघालं नाही, आणि ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

आता टेबलाकडे चला. एक टी-शर्ट कोरा करकरीत, एक वीस वेळा धुतलेला, एक हलक्या मालाचा, पाचच वेळा धुतलेला. सांगणार नाही कुठला कुठला. चिमटीत धरून बघा, उलटे करून काखेपाशी शिवण बघा, उजेडात न्या. आणि ज्यांना स्क्रीन कशी धुतात ते बघायचं असेल त्यांनी बुधवारी दुपारी मागाच्या खोलीत या. जुने कपडे घालून या, शाई निघत नाही.