सुखतळ्याखाली

(दृश्य : सकाळचे नऊ. दादर स्टेशनचा जिना. कॅमेरा पायांच्या उंचीवर.)

चेहरे दिसत नाहीत, नुसते पाय. स्पोर्ट्स शूज, कोल्हापुरी, पावसाळी प्लास्टिकच्या चपला, आणि मधूनच टक् टक् करत उतरणारी एखादी उंच टाच. पायरीच्या कडेची लोखंडी पट्टी घासून गुळगुळीत झालेली. खाली पेव्हर ब्लॉक, दोन ब्लॉकांच्या मध्ये बोटभर फट. पुढे गटाराची जाळी. टाच नेमकी कुठे अडकते ते टिपायला आम्ही इथे बसलो होतो. फार थांबावं लागलं नाही.

(दृश्य : निळी सँडल. टाच फटीत. पाय पुढे गेलेला, सँडल मागे.)

बाई एका पायावर उभ्या आहेत, एक हात मैत्रिणीच्या खांद्यावर. मैत्रीण हसू दाबत म्हणते, "चालता येत नाही तर घालतेस कशाला?"

पंधरा मिनिटांनी तीच सँडल पुलाखालच्या गटईकामाच्या पेटीवर आहे. पेटीमागे संत रोहिदासांची तसबीर, तिला कालचा हार. काका सँडल उलटी करतात, टाच दोन बोटांत धरून हलवतात. ती हलते, आपला दात हलतो तशी.

"ताई, तुमचं चालणं नाही चुकलं. आत बघा."

(दृश्य : अगदी जवळून. रापीचं, म्हणजे चांभारी सुरीचं, टोक सुखतळ्याखाली शिरतं.)

सुखतळा म्हणजे आतला तो मऊ, सोनेरी अक्षरांत छाप मारलेला थर. दुकानात आपण बोट फिरवून बघतो तो हाच. काका तो टाचेकडून सोलून वर घेतात. खाली राखाडी पुठ्ठा. पुठ्ठ्यात दोन चुका. दोनच. एक वाकलेली, दुसरीच्या भोवती गंजाचं तांबडं वर्तुळ. स्क्रू नाही. सगळा भार बाकी सोल्यूशनवर, म्हणजे चिकटवायच्या द्रवावर.

चूक म्हणजे बारका खिळा. भाषेनं हा शब्द फार विचार करून ठेवलाय असं अशा वेळी वाटतं.

(दृश्य : पेटीवर उभी केलेली टाच. तिची टिप, शेजारी एक रुपयाचं नाणं.)

ही टिप. टाचेच्या टोकाची रबरासारखी टोपी. हिचं टेकण जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. ५५ किलो वजनाची बाई पाऊल टाकते तेव्हा क्षणभर जवळपास सगळा भार या ठिपक्यावर येतो. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो ती चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोच्या दाबाची. इथे पन्नासच्या वर. आणि हा दाब सरळ खाली जात नाही. टाच टेकते तेव्हा तिला मागे ढकलणारा एक हिसका बसतो, पाऊल उचलताना वेगळा. टाच म्हणजे उलटा धरलेला हातोड्याचा दांडा. जितकी उंच, तितका वरच्या सांध्यावर ताण. तो सांधा सुखतळ्याखाली.

(दृश्य : रेखाचित्र. लाकडी टाच, तिच्यातून जाणाऱ्या रेषा.)

पूर्वी टाचा लाकडाच्या असत. जाड टाच लाकडाला पेलते. १९५० च्या दशकात इटली आणि फ्रान्समधल्या चप्पलकारांना ती सुरीसारखी बारीक हवी झाली. तिचं स्टिलेटो हे नावच मुळी इटालियन खंजिराचं. बारीक केलेलं लाकूड तंतूंच्या रेषेत चिरायचं. मग टाच साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची झाली आणि मधोमध पोलादी सळई आली. घराच्या खांबात सळ्या असतात, तेच.

टाच आणि पंजा यांच्या मधला भाग हवेत असतो. त्याखाली टेकायला काही नाही. तिथे सुखतळ्याच्या आत पोलादाची लांबट पट्टी लागते, तिला शँक म्हणतात. छोटा पूलच तो. १९३५ मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघानं निर्बंध घातले आणि फ्लोरेन्सच्या साल्वातोरे फेरागामो या चप्पलकाराला शँकसाठी चांगलं पोलाद मिळेना. पट्ट्या मोडू लागल्या. त्यानं पुलाखालची पोकळीच सार्डिनियाच्या बुचानं भरून काढली. आज वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर टांगलेली प्रत्येक वेज हील, म्हणजे अशी भरीव टाच, या टंचाईची नात आहे.

(दृश्य : लिंकिंग रोडवरच्या वेज सँडलांची भिंत. मग एकदम अरुंद गल्ली, ठक्कर बाप्पा कॉलनी.)

कुर्ला-चेंबूरच्या मधली ही वस्ती. राजस्थानातून आलेल्या चर्मकार कुटुंबांनी वसवलेली. खाली कारखाना, वर घर, आणि जिन्यावर सुकत ठेवलेले अप्पर, म्हणजे सँडलांचे वरचे भाग. मुंबईत मिळणाऱ्या लेडीज सँडलांतल्या कितीतरी इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून निघतात. आम्ही ज्या खोलीत बसलो तिथे चार कारागीर, एक पंखा, आणि भिंतीला फर्म्यांची, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यांची, चळत, सगळे डावे-उजवे पाय एकावर एक.

उस्तादांना आम्ही म्हटलं, जशी तुमच्या स्वतःच्या मुलीसाठी बनवाल तशी एक जोडी बनवून दाखवा. ते हसले. पण बनवली. आता दिसणारं सगळं त्याच दुपारचं आहे.

(दृश्य : टाचेचा वरचा खोलगट भाग आणि सँडलची बैठक, शेजारी शेजारी.)

आधी बैठक. टाचेचा वरचा भाग वाटीसारखा खोलगट असतो, आणि सँडलचा मागचा भाग त्या वाटीत तंतोतंत बसावा लागतो. उस्ताद टाच लावून उजेडासमोर धरतात. फटीतून उजेड आला, म्हणजे जमलं नाही. ते कानशीनं थोडं घासतात, परत धरतात. पाच वेळा. घाईच्या कामात ही फट सोल्यूशननं भरतात, आणि वाळलेलं सोल्यूशन काही भार घेत नाही.

मग खरबडणं. टाचेवर कारखान्यातूनच रंगाचा चकचकीत थर येतो, त्याला काही चिकटत नाही. तो चिकटायच्या जागी काचकागदानं उतरवायचा, पण एक सूतभरही बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पांढरी रेघ दिसते. सोल्यूशनचा एक हात. वाळू द्यायचं. दुसरा हात. परत वाळू द्यायचं. हाताला चिकटेनासं झालं की गरम हवेचा झोत, आणि मग एकदाच दाबायचं. दुसरी संधी नाही. खोलीत त्या वासानं आमचं डोकं तासाभरात धरलं. हे लोक त्यात दहा-दहा तास असतात.

(दृश्य : फर्मा निघतो. स्क्रू. हातोडी.)

फर्मा काढल्यावर आतून मधोमध एक स्क्रू. तो टाचेला वर खेचून घेतो. त्याच्या भोवती चार चुका, साध्या नव्हेत, अंगाला कडी-कडी असलेल्या. अशी चूक आत जाते, पण सहज बाहेर येत नाही. जाड टाच आतून पोकळ असते, आत पडद्यांसारख्या भिंती. चूक भिंतीत गेली पाहिजे. पोकळीत गेली तर नुसती लोंबकळते, कडेला गेली तर बाहेरून तडा. उस्ताद टाचेवर बोटानं टकटक करून भिंत शोधतात, आपण कलिंगड बघतो तसं.

शँक त्यांनी आधीच पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये रिव्हेट मारून बसवली होती. हाही एक प्रश्न विचारून घेतला : सगळ्या जोड्यांत असं करता का?

"अंदर का माल कौन देखता है, मॅडम? व्यापारी ऊपर का डिझाइन देखता है."

मजुरी जोडीवर मिळते. चार चुकांऐवजी दोन मारल्या तर दिवसाकाठी जोड्या जास्त निघतात, आणि व्यापाऱ्याला दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात. दोष कारागिराच्या हातात नाही, भावात आहे. खोक्यावर टाचेची उंची छापलेली असते. आत शँक आहे की नाही हे छापलेलं एकही खोकं या चित्रीकरणात आम्हाला दिसलं नाही.

(दृश्य : रेखाचित्र. लंबक, टाच, ठोका.)

हे मोजता येत नाही असं नाही. ब्रिटनमधल्या केटरिंगची साट्रा ही संस्था १९१९ पासून पादत्राणांवर काम करते. टाचेला लंबकाचे ठोके देऊन ती कधी थकते हे पाहण्याची पद्धत ठरलेली आहे. ठोके हजारोंनी मोजतात. असं यंत्र आम्हाला चित्रित करता आलं नाही, म्हणून हे चित्र. दुकानात मात्र यंत्राशिवायही थोडं कळतं. सँडल टेबलावर ठेवा, टिप सपाट टेकते का बघा. बैठकीवर अंगठा दाबा, टाच मागे झुकता कामा नये. मग पंजा आणि टाच धरून मधोमध वाकवा. पंजाजवळ वाकली तर ठीक. मध्ये वाकली तर आत पुठ्ठाच आहे.

कॅलिफोर्नियात कार्मेल नावाचं गाव आहे. तिथे १९६३ पासून दोन इंचांहून उंच आणि एक चौरस इंचाहून कमी टेकणाची टाच घालायला नगरपालिकेचा परवाना लागतो. वरखाली झालेल्या फुटपाथवर कुणी पडलं तर दावा लागू नये म्हणून. परवाना फुकट आहे. म्हणजे तिथेही मैत्रिणीचंच म्हणणं, फक्त ठराव करून.

(दृश्य : पाऊस. मग एका घरातलं कपाट, खोकं, टिश्यू कागद.)

आणि आपल्याकडे पाऊस. आतला पुठ्ठा ओला झाला की मऊ पडतो, चुकांची भोकं रुंदावतात. या खोक्यातली सँडल मात्र पावसात कधी गेलीच नाही. लग्नात घातली, जपून ठेवली. आता तळ बघा. बोट लावलं की खारीसारखा चुरा. हा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतली वाफच त्याला हळूहळू तोडते. घातली काय, कपाटात ठेवली काय, मुंबईची हवा आपलं काम करत असते.

घोटा मुरगळणं, पडणं, हाड मोडणं, हे यातूनही होतं.

(दृश्य : परत दादर. संध्याकाळ. निळी सँडल.)

काकांनी दोन्ही जुन्या चुका उपटल्या. भोकं बुजवली, जागा थोडी सरकवून स्क्रू घातला, चार नव्या चुका. तीन पायांच्या लोखंडी ऐरणीवर पालथी घालून चार ठोके. टिपही बदलली, जुनीतून आतली पोलादी पिन बाहेर आली होती. गुळगुळीत फरशीवर बाई घसरतात त्या अशा पिनेवर. शँक काही घालता आली नाही, त्यासाठी सगळी सँडल उघडावी लागते. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुखतळा परत चिकटवून अंगठ्यानं दाबून धरला.

बाई पैसे देतात, पाय घालतात, दोनदा टाच आपटून बघतात. सात चाळीसची वेळ झालीय. जिना चढताना टक् टक् ऐकू येत राहतो, मग गर्दीत मिसळतो.

पेटीसमोर दुसरी एक जण पिशवीतून सँडल काढते आहे. काका हातातलं काम न थांबवता विचारतात, "टिप की टाच?"