पेठेतलं घर आणि कारची जागा

[दृश्य: साखर पेठेतली गल्ली. समोरासमोर आलेल्या दोन रिक्षांपैकी एक मागे सरकते.]

सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर संसार अशी घरं अजून आहेत. 1877 साली आज ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, मागून आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर येऊन स्थायिक झाले आणि पेठा भरत गेल्या. गल्ल्या पडल्या त्या चालणाऱ्या माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाने. त्या गल्ल्यांमधली घरं आता थकली आहेत. माळवदं गळतात, भिंती फुगतात. भावाभावांत वाटणी झालेली असते आणि सगळ्यांची इच्छा एकच असते: हे पाडू, चार मजली बांधू, खाली दुकान किंवा कारखाना ठेवू आणि आपल्याच पेठेत राहू.

मग नकाशा काढायला आर्किटेक्टकडे जायचं. तिथे पहिला प्रश्न येतो पार्किंगचा.

[दृश्य: टेबलावर नकाशा. पट्टी ठेवून मापं घेणारा हात.]

समजा, प्लॉटची रुंदी 6 मीटर आहे आणि लांबी 18 मीटर. पेठेत असे लांबट प्लॉट नवे नाहीत. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत साडेपाच मीटर उरतात. नियमाप्रमाणे एका कारला अडीच मीटर रुंद आणि 5 मीटर लांब जागा दाखवावी लागते. दोन कार शेजारी शेजारी दाखवल्या की उरतो फक्त अर्धा मीटर. जिना कुठून काढायचा? एकामागे एक दाखवल्या, तर मागची गाडी काढण्यासाठी आधी पुढची रस्त्यावर आणावी लागणार. तोवर तळमजला संपलेला असतो आणि घराला भाकरी देणारं दुकान किंवा मागाची जागाही गेलेली असते.

दुचाकीला लागते 1 मीटर बाय 2 मीटर जागा. म्हणजे एका कारच्या चौकोनात पाच दुचाकी सहज मावतात. कन्ना चौकात, अशोक चौकात सकाळी नऊ वाजता उभं राहून बघा. हे शहर कामाला जातं ते दुचाकीवर, रिक्षाने आणि पायी.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. घराच्या आत एक कार ठेवायची, तर फाटकासमोरचा रस्ता कायम मोकळा ठेवावा लागतो. आत एका गाडीची सोय झाली आणि बाहेर तेवढीच जागा गेली. अरुंद गल्लीत हा हिशेब बरोबरीतच सुटतो.

[दृश्य: महापालिकेची इंद्रभुवन इमारत.]

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली. पार्किंगचा तक्ता ठरवताना तिने दाटवस्तीचा भाग आणि बाहेरचा भाग वेगळा धरला. शहराच्या दर्जाप्रमाणे गाड्यांची संख्या कमी-जास्त करणारा गुणकही लावला. म्हणजे सगळ्यांना एकच माप नको, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केलेलं आहे. पण सूट मागायला गेलं की दार बंद. खरी अडचण दिसली तर काही मापं शिथिल करण्याचा अधिकार महापालिकेला आहे, मात्र रस्त्यालगतचं अंतर, चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि पार्किंग या तिन्ही बाबी त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे एकेका घरमालकाने अर्ज घेऊन हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. नियमच बदलावा लागेल.

जगात असे बदल झाले आहेत. अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये पार्किंगची किमान अट काढली. न्यूझीलंडने 2020 च्या राष्ट्रीय धोरणातून मोठ्या शहरांना ती काढायला लावली. सोलापूरने तसंच्या तसं करावं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आपली शहर बससेवा तोकडी आहे आणि रस्त्यावर गाडी लावायला कोणी फारसं अडवत नाही.

[दृश्य: नवी पेठ, संध्याकाळ. दुकानांपुढे दुचाक्यांच्या दोन-दोन रांगा.]

शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. “तुम्हाला सूट मिळेल आणि तुमची गाडी माझ्या दारात येईल,” ही तक्रार रास्त आहे. नकाशात पार्किंग दाखवायचं, भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग तिथेच गाळे काढायचे, असं ज्यांनी केलं त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसाची मागणीही संशयाने बघितली जाते. अशा इमारतींना एक इंचाचीही सवलत मिळू नये. होटगी रोडवरच्या किंवा जुळे सोलापुरातल्या मोठ्या प्लॉटवरच्या नव्या प्रकल्पांनाही ती नको. तिथे जागा आहे आणि घर घेणाऱ्यांकडे कारही आहे.

मागणी फक्त पेठांपुरती आहे. अरुंद गल्लीतल्या छोट्या प्लॉटवर जुनं घर पाडून त्याच कुटुंबांसाठी नवं बांधलं जात असेल, तर कारऐवजी दुचाकींची जागा मान्य करा. ज्याला कार ठेवायची आहे त्याने जवळच्या वाहनतळावर महिन्याच्या भाड्याने जागा घ्यावी आणि तो करार नकाशासोबत जोडावा. दिवसा भरलेली बाजाराची पार्किंगची जागा रात्री रिकामी असते. ती रहिवाशांना द्या. आणि गल्लीत गाडी लावली तर दंड व्हायलाच हवा, नाहीतर यातलं काहीच टिकणार नाही.

[दृश्य: पुन्हा तो नकाशा. तळमजल्यावर दुचाकींचे चौकोन, शेजारी जिना, मागे दुकान.]

रस्ता कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली महापालिका या नियमांत फेरबदलाचा प्रस्ताव करू शकते. राजपत्रात सूचना निघते, हरकती आणि सूचनांसाठी महिनाभराची मुदत मिळते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. पण सुरुवात महापालिकेच्या ठरावाने होते. तो ठराव आणा, असं आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी सांगा. सोबत घराचा नकाशा, गल्लीची मोजलेली रुंदी आणि घरात किती दुचाकी, किती कार आहेत याचा तपशील जोडा. शक्य असेल तर गल्लीतल्या सगळ्या घरांचा एकत्र द्या.